दुसऱ्या मॉडेलचे शॉकअप बसवण्याआधी

नाशिकच्या पेठ रोडने सावळघाट चढताना मोटारसायकलच्या मागच्या शॉकअपची खरी अवस्था कळते. वळणावर खड्डा आला की मागचं चाक एकदा दबून शांत होत नाही, दोन-तीनदा उसळतं. दोघं बसले की टायर मडगार्डला आतून घासतो. मागे बसणाऱ्याची कंबर घाट संपेपर्यंत भरून येते. गॅरेजमध्ये 'शॉकअप गेलेत' असं निदान होतं आणि लगेच पुढचा प्रश्न येतो: याच गाडीचे घालायचे, की दुसऱ्या मॉडेलचे?

हा प्रश्न विचारणारे तीन तऱ्हेचे लोक असतात. यामाहा आरएक्स १००, जुनी येझदी, राजदूत अशा बंद झालेल्या गाड्या जिवापाड सांभाळणाऱ्यांना अस्सल माल मिळत नाही, म्हणून ते दुसरीकडे बघतात. दिंडोरी, निफाड, पिंपळगावकडचे शेतकरी स्प्लेंडर किंवा प्लॅटिनावर द्राक्ष-टोमॅटोचे क्रेट बांधतात. त्यांना कडक शॉकअप हवे असतात. आणि कॉलेज रोडच्या तरुण मुलांना पल्सरचे नळकांडंवाले नायट्रॉक्स (गॅसचे शॉकअप) आपल्या गाडीला शोभतील असं वाटतं. पहिल्या दोघांची गरज खरी आहे. तिसऱ्यांनाही माझा विरोध नाही, फक्त पुढची मापं घेऊन मगच पैसे मोजावेत.

गाडीचं मॉडेल बाजारात चालू असेल आणि गाडी घर ते कामाची जागा एवढ्यासाठीच असेल, तर तिच्याच मॉडेलचा नवा अस्सल जोड घ्या. अंबडच्या औद्योगिक वसाहतीत गॅब्रिएल इंडियाचा कारखाना आहे. १९६१ मध्ये सुरू झालेली ही कंपनी इथे दुचाकीचे शॉकअप बनवते. बजाजच्या गाड्यांना शॉकअप पुरवणारी एन्ड्युरन्स वाळूजला आहे. चांगला माल आपल्या दाराशी तयार होत असताना डबा नसलेला, बिल नसलेला, नाव नसलेला जोड घेण्यात काही शहाणपण नाही. शिवाय आधी एकदा खात्री करा की दोष शॉकअपचाच आहे. गाडी डबल स्टँडवर लावून मागचं चाक डावी-उजवीकडे हलवा. चाक खडखडलं तर मागचं चाक धरणाऱ्या चिमट्याचे बुश किंवा चाकाचे बेअरिंग गेलेले असतात, आणि नवे शॉकअप घालून तो डोल जात नाही.

भोकं जुळली म्हणजे झालं का?

बहुतेक वेळा दुकानात एवढंच पाहिलं जातं: वरचं भोक बसतं, खालचं बसतं, मग झालं. मला सर्वांत जास्त काळजी याच 'बसतं' ची वाटते. भोकात तफावत असेल तर ती लेथवर अर्ध्या तासात सुटते. लांबी, दाबाचा पल्ला आणि स्प्रिंगचा कडकपणा मात्र लेथवर दुरुस्त होत नाही.

लांबी मोजताना वरच्या भोकाच्या वरच्या कडेपासून खालच्या भोकाच्या वरच्या कडेपर्यंत पोलादी पट्टी लावा. दोन्ही भोकं एकाच व्यासाची असतील तर हेच मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर असतं. मध्यबिंदू अंदाजाने शोधण्याची गरज पडत नाही. जुना शॉकअप 'बसलेला' असला तरी काढून मोकळा धरला की बहुधा त्याची मूळ लांबी मिळते, कारण ती आतल्या दांड्याच्या शेवटच्या टोकावर ठरते. म्हणून जुना जोड फेकण्याआधी मोजून ठेवा.

५ मिमीपर्यंतचा फरक मी चालवून घेईन. १० मिमी असेल तर पुढच्या सगळ्या तपासण्या करून मगच. त्याहून जास्त फरक असेल तर तो जोड त्या गाडीचा नाही. असं म्हणण्यामागे हिशेब आहे. चाकांमधलं अंतर साधारण १३०० मिमी असलेल्या गाडीची मागची बाजू १२ मिमी उचलली गेली तर पुढच्या फोर्कचा तिरपेपणा सुमारे अर्ध्या अंशाने कमी होतो. हँडल थोडं हलकं वाटतं, एवढंच. तीच बाजू ३० मिमी उचलली तर फरक सव्वा अंशाच्या पुढे जातो आणि हायवेवर ट्रकच्या बाजूने जाताना गाडी सरळ धरून ठेवावी लागते. हिरोच्या एक्सपल्स २०० ४व्हीची प्रो आवृत्ती पाहा. मागच्या चाकाची हालचाल १७० वरून २२० मिमी करताना कंपनीने पुढची हालचालही १९० वरून २५० मिमी केली, आणि सीटची उंची ८२५ वरून ८९१ मिमीवर गेली. दोन्ही टोकं एकत्र बदलावी लागली. आपण घरी एकच टोक बदलत असतो.

लोखंडी पट्टीची चाचणी

दाबाचा पल्ला म्हणजे शॉकअप पूर्ण दबला की किती मिलीमीटर आत जातो. हे माप कुणी घेत नाही, आणि नेमकं हेच चुकलं तर टायर मडगार्डवर किंवा सीटखालच्या वायरिंगवर आदळतो. तपासायची पद्धत सोपी आहे, तिला शंभर-दोनशे रुपयांपेक्षा जास्त खर्च येत नाही.

नव्या शॉकअपचा उघडा दांडा मोजा. त्यावरच्या रबरी बंपची उंची मोजा. पूर्ण दाबात हे रबर साधारण निम्मं चेपतं असं धरून दांड्याच्या मापातून रबराची निम्मी उंची वजा करा. हा झाला पल्ला. शॉकअपच्या लांबीतून पल्ला वजा केला की पूर्ण दबलेल्या अवस्थेतली लांबी मिळते. आता २५ बाय ५ मिमीची लोखंडी पट्टी घ्या आणि तेवढ्या अंतरावर दोन भोकं पाडून घ्या. सातपूर-अंबडच्या कोणत्याही फॅब्रिकेशनवाल्याकडे हे काम होतं. गाडी डबल स्टँडवर घ्या, दोन्ही शॉकअप काढा, चाक हाताने उचला आणि एका बाजूला शॉकअपच्या जागी ही पट्टी बोल्टने बसवा. सगळ्यात वाईट खड्ड्यात चाक जिथे जाईल तिथे ते आता उभं आहे.

मडगार्डच्या आत मुलांच्या खेळण्यातल्या मातीचे तीन-चार गोळे आधीच चिकटवून ठेवले असतील तर ते टायरने चेपलेले दिसतील. चेपलेल्या मातीची जाडी म्हणजे उरलेली जागा. १० मिमीपेक्षा कमी जागा मला पुरेशी वाटत नाही, कारण मडगार्डमध्ये चिखल साठतो आणि जोरात धावताना टायर किंचित फुगतो. पट्टी लावलेली असतानाच चेन कव्हर, सायलेन्सर, डिस्क ब्रेकचा पाइप, एबीएसची वायर, ड्रमची आडवी दांडी हे सगळं एकेक करून बघा. पाइप ताणला जात असेल किंवा दुमडला जात असेल तर इथेच थांबा.

नळकांडंवाल्या शॉकअपला आणखी एक अडचण असते: साडीगार्ड. केंद्रीय मोटार वाहन नियमावलीतल्या १२३ व्या नियमाप्रमाणे मागे बसणाऱ्यासाठी धरायला दांडा, पायटे आणि मागच्या चाकाचा किमान अर्धा भाग झाकणारं संरक्षण लागतं. नळकांडं आडवं येतं म्हणून साडीगार्ड काढून टाकण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. पदर आणि ओढणी चाकात अडकून झालेले अपघात आपल्याकडे सर्वांनी ऐकलेले आहेत. तो सल्ला मानू नका.

स्प्रिंग: अर्ध्या मिलीमीटरचा हिशेब

स्प्रिंगचा कडकपणा तारेच्या जाडीवर चौथ्या घाताने वाढतो. ७ मिमी तारेची, ४८ मिमी सरासरी व्यासाची आणि १२ कामाच्या वेटोळ्यांची स्प्रिंग घ्या. तिचा कडकपणा मिलीमीटरला सुमारे १८ न्यूटन येतो, म्हणजे १ मिमी दाबायला जवळपास १.८ किलो वजन लागतं. तार ७.५ मिमी केली, बाकी सगळं तसंच ठेवलं, तर हाच आकडा २३.५ होतो. ८ मिमी केली तर ३० च्या वर जातो. काउंटरवर शेजारी ठेवलेल्या दोन शॉकअपमध्ये डोळ्याला फरक दिसत नाही आणि एक दुसऱ्यापेक्षा जवळपास एक-तृतीयांशाने जास्त कडक असतो. व्हर्निअर लावतानाही स्प्रिंगवरच्या रंगाचा थर विसरू नका. दोन्ही बाजूंचा मिळून ०.२ मिमी रंग मोजला गेला तर हिशेब १२ टक्क्यांनी चुकतो.

ज्यांना आकडेमोड नको त्यांनी बाथरूममधला वजनकाटा आणि ड्रिल मशिनचा स्टँड वापरावा. शॉकअप सरळ उभा धरून, खाली लाकडी ठोकळा ठेवून, १० मिमी दाबल्यावरचं आणि ३० मिमी दाबल्यावरचं वजन लिहा. दोन्हींतला फरक २० ने भागला की मिलीमीटरमागे किती किलो ते कळतं. पहिल्या १० मिमीचं वजन वजा करणं महत्त्वाचं, कारण स्प्रिंग शॉकअपमध्ये आधीच थोडी दाबून बसवलेली असते. बजाजच्या सीटी १०० सारख्या गाड्यांच्या स्प्रिंग-इन-स्प्रिंग शॉकअपला हीच पद्धत लावा. त्यात आतली स्प्रिंग दिसत नाही, त्यामुळे बाहेरची तार मोजून काही हाती लागत नाही.

आता क्रेट वाहणाऱ्यांचा हिशेब. मागच्या चाकावर ६० किलो जादा वजन आलं आणि दोन्ही शॉकअप मिळून कडकपणा मिलीमीटरला ३६ न्यूटन असला, तर शॉकअप आणखी सुमारे १६ मिमी दबतो. त्याच जागी ४७ न्यूटनची जोडी घातली तर साडेबारा मिमी. फायदा साडेतीन-चार मिलीमीटरचा. माल उतरवून परत येताना मात्र गाडी मोकळी असते, आणि त्र्यंबक रोडवर पावसात ब्रेक दाबला की कडक स्प्रिंगवरचं मोकळं मागचं चाक रस्ता सोडून टपटपतं. म्हणून आधी शॉकअपवरची फिरकी वापरून बघा. पाच खाचांची फिरकी वरच्या खाचेवर नेली की स्प्रिंग कडक होत नाही, मागची बाजू वर उचलली जाते. क्रेटवाल्याची अर्धी गरज तेवढ्यात भागते. भार उतरला की फिरकी परत खाली आणायची.

स्प्रिंग कापून कडक करणं, तापवून बसवणं, भोकाला पट्टी वेल्ड करून लांबी वाढवणं हे प्रकार अजूनही चालतात. तापवलेल्या पोलादाचा ताव जातो आणि वेल्डिंगच्या शेजारचा भाग ठिसूळ होतो. तो तुटतो तेव्हा चाक पूर्ण दाबात असतं. या गोष्टी करायला तयार असणाऱ्या गॅरेजमध्ये गाडी ठेवू नका.

एकच शॉकअप असलेल्या गाड्या

होंडा युनिकॉर्न २००४ मध्ये आली तेव्हापासून रोजच्या वापराच्या गाड्यांत मधला एकच शॉकअप रुळला. अशा गाड्यांबाबत माझा सल्ला आखडता आहे. इथे चिमट्याच्या तरफेमुळे चाक जितकं हलतं त्याच्या निम्मा किंवा त्याहून कमी शॉकअप हलतो. तरफेचं प्रमाण अडीच असेल तर ८० न्यूटनची स्प्रिंग चाकापाशी १३ न्यूटनहून कमी भरते, कारण प्रमाणाचा वर्ग भागावा लागतो. प्रमाण दोन असेल तर तीच स्प्रिंग २० भरते. एका गाडीवर मऊ वाटणारा शॉकअप दुसरीवर दगडासारखा लागतो तो यामुळे. लांबीचंही तसंच: शॉकअप १० मिमी लांब असला तर चाकापाशी २० ते २५ मिमी फरक पडतो. रॉयल एनफिल्ड हिमालयनसारख्या, जोडदांड्यांनी बसवलेल्या शॉकअपच्या गाड्यांत हे प्रमाण दाबाबरोबर बदलतही जातं. त्यामुळे एकाच शॉकअपच्या गाडीला त्याच मॉडेलचा, किंवा त्या मॉडेलसाठीच बनवलेला शॉकअप घ्या.

तेल, गॅस आणि उलटसुलट

स्प्रिंग गाडी तोलते, आणि उसळी मारू न देणं हे आतल्या तेलाचं काम. कडक स्प्रिंग ज्याच्यासाठी बनवली नव्हती अशा जुन्या दांड्यावर चढवली तर तेल तिला आवरू शकत नाही. म्हणून स्प्रिंगची अदलाबदल करू नका, पूर्ण शॉकअप बदला, आणि दोन्ही बाजूंचे एकाच वेळी. गॅसच्या शॉकअपमधला नायट्रोजन तेलाला फेस येऊ देत नाही. खराब रस्त्यावर लांब पल्ला मारणाऱ्यांना त्याचा फरक जाणवतो. गंगापूर रोडवरच्या रोजच्या चार-पाच किलोमीटरला जाणवणार नाही. नळकांड्यात दाब असतो, त्याला भोक पाडू नका आणि जवळ वेल्डिंग करू नका. साधे तेलाचे शॉकअप दुकानात आडवे पडून असतील तर बसवण्याआधी उभे धरून आठ-दहा वेळा दाबून सोडा, म्हणजे आत शिरलेली हवा वर जाते. कंपनीने जी बाजू वर ठेवली आहे तीच वर ठेवून बसवा, उलटे करू नका.

जुन्या बाजारातला जोड घ्यायचा असेल तर दांड्यावर नख फिरवा. नखाला खड्डा लागला की तेलाची सील टिकणार नाही.

बुश आणि लेथ

गाडीचा बोल्ट १० मिमीचा आणि नव्या शॉकअपच्या बुशचं भोक १२ मिमीचं, अशी तफावत नेहमी येते. पोलादी नळीचा स्लीव्ह लेथवर काढून घ्या. तो बोल्टवर हाताने सरकला पाहिजे, पण डुलता कामा नये. बोल्ट जाड आणि भोक बारीक असेल तर बुशला ड्रिल मारू नका, बुश दाबून काढून योग्य मापाचा घाला. रुंदीकडेही लक्ष द्या. बुश रुंद असला की नट बोल्टच्या टोकावर अर्धाच बसतो. नटाबाहेर किमान एक-दोन आटे दिसले पाहिजेत. वरच्याच बोल्टवर कॅरिअर किंवा धरायचा दांडा लागत असेल तर ते जागेवर ठेवूनच हे बघा.

काढता-घालताना एका वेळी एकच बाजू सोडा, म्हणजे चाक खाली पडत नाही. वॉशर कोणत्या क्रमाने होते त्याचा मोबाइलवर फोटो काढा. गंजलेल्या नटांना आदल्या रात्री तेल सोडा. शेवटचं आवळणं गाडी स्टँडवरून उतरवून, चाकांवर वजन आल्यावर करा, नाहीतर बुशचं रबर कायम पिळलेलं राहतं. टॉर्कचा आकडा तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये असतो.

चेनचा प्रश्न बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. पुढचं चक्र, चिमट्याचा आस आणि मागचा आस एका रेषेत येतात तेव्हा चेन सर्वांत ताणलेली असते. लांबी बदलली की स्टँडवरची चेनची ढिलाई मॅन्युअलशी जुळत नाही. दोघांना बसवून गाडी त्या रेषेपर्यंत दाबा आणि तिथे चेनला थोडी ढिलाई उरते ना ते बघा. डबल स्टँडवर मागचं चाक जमिनीला टेकता कामा नये, साइड स्टँडवर गाडी फार कलता कामा नये. हेडलाइटचा झोत भिंतीवर आधी आणि नंतर खडूने आखून परत लावा.

मग बसण्याचं माप घ्या. मागच्या आसापासून सरळ वर सीटखालच्या एका खुणेपर्यंतचं अंतर चाक हवेत असताना मोजा, मग नेहमीचा चालक बसल्यावर मोजा. चाकाच्या एकूण हालचालीच्या चौथाई ते तिसऱ्या हिश्श्याएवढा फरक आला पाहिजे. ८० मिमी हालचालीच्या गाडीला २० ते २७ मिमी. फिरकीच्या कोणत्याही खाचेवर हे माप येत नसेल तर शॉकअप कितीही महागडे असोत, ते परत करा.

कायदा

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ नोंदणीपुस्तकातल्या तपशिलात फरक पडेल असा बदल करू देत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ही बाब कडकपणे मांडली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने परवानगी नसलेल्या बदलाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आली. मूळ लांबीचे, मूळ जागी बसणारे शॉकअप आणि गाडीची उंची बदलणारे शॉकअप यांत फरक आहे, दुसऱ्या प्रकारात पडू नका. १५ वर्षांची नोंदणी संपून फेरनोंदणीसाठी पेठ रोडच्या आरटीओत गाडी दाखवायची असेल तर आधी तिथे विचारा. विमा कंपनीलाही लेखी कळवा. जुना जोड, बुश आणि वॉशर पिशवीत घालून जपून ठेवा.

पहिली चाचणी एकट्याने, ओळखीच्या रस्त्यावर आणि हळू करा. दांड्यावर एक बारीक रबरी कडी सरकवून ठेवा, ती जिथे ढकलली जाईल तिथपर्यंत पल्ला वापरला गेला. ५० किलोमीटरनंतर चारही बोल्ट पुन्हा आवळा. त्यानंतर मागच्या सीटवर माणसाच्या वजनाएवढं धान्याचं पोतं घट्ट बांधून खड्ड्यांच्या रस्त्याने एक फेरी मारा, आणि टायरवर घासल्याची खूण आहे का ते बघा. हे सगळं होईपर्यंत घरच्या कुणालाही मागे बसवू नका.